आधी खाटेखाली वाकून बघा

तुमच्या हातून एकंदर किती बाळंतपणं झाली हो सिस्टर, असं लोक मला अजून विचारतात. मी सांगते, मोजली नाहीत. लोकांना वाटतं, म्हातारी विनयानं बोलतीय. विनय कसला डोंबलाचा! मोजणाऱ्या माणसांवर माझा राग आहे आणि त्या रागाला कारण आहे. संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्यात, तर ते कारणच सांगते. कुठल्या साली लागले, कुठल्या साली बढती मिळाली हे सांगत बसले, तर तुम्ही चिवड्याची वाटी उचलून पुढच्या लेखावर जाल.

मी मूळची करकंबची. नर्सिंग शिकून सोलापुरात आले आणि विणकरांच्या एका पेठेतल्या सरकारी सूतिकागृहात जी चिकटले, ती निवृत्त होईपर्यंत. पेठेचं नाव सांगत नाही, साहेबांचंही सांगणार नाही. माणसं गेली तरी त्यांची नातवंडं आहेत, ऐन दिवाळीत भांडण नको. सत्तरच्या दशकातली गोष्ट. एक लांबडा हॉल, दोन्ही भिंतींना लागून लोखंडी खाटा, पुढं व्हरांडा, मागं मोरी, आणि चहूबाजूंनी मागांचा खडखडाट. आमच्या बाळांना त्या खडखडाटाची इतकी सवय की वीज जाऊन माग थांबले तर दचकून रडायला लागायची.

बाहेरच्यांना वाटतं, बाळंतपण करतात ते डॉक्टर. डॉक्टरीणबाई होत्या की आमच्याकडं, पण त्यांच्या गळ्यात आणखी दोन दवाखाने. अडलं की त्या यायच्या. न अडलेलं सगळं आमचं. आमचं म्हणजे माझं आणि रामक्काचं.

रामक्का आमची आया. तेलुगू विणकराघरची, नवरा लवकर गेलेला, पदरात दोन मुली. नोकरी रोजंदारीवर, म्हणजे आज आहे, उद्याचं उद्या. मी पुढच्या बाजूनं बाळ घेणार आणि रामक्का बाईच्या पाठीमागं बसून तिला काखेत धरणार, ही आमची पद्धत. कळ आली की बाई रामक्काचं मनगट धरायची आणि असं आवळायची की नखं रुतायची. रामक्काच्या दोन्ही हातांवर कायम वण. तेलुगू, कानडी, दखनी आणि मराठी अशा चार भाषांत ती बायकांना शिव्या घालायची आणि त्याच दमात कपाळावरून हात फिरवायची. मराठीचं लिंग तिला शेवटपर्यंत सापडलं नाही. "दे की जोर! माझा कंबर दुखतो का तुझी?" असं म्हटल्यावर ऐन कळांत बाई हसायची आणि तेवढ्यात बाळ यायचं. माझ्या पुस्तकात ही पद्धत नव्हती.

काटकसर आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. रबरी हातमोजे धुऊन, उकळून, पावडर लावून पुन्हा वापरायचे. फाटले तर सायकलच्या ट्यूबला लावतात तसं ठिगळ लावायचं. काचेच्या सिरिंजा पोटच्या पोरासारख्या जपायच्या. तरीसुद्धा वरच्या कचेरीला एक दिवस साक्षात्कार झाला की आमच्यावर खर्च फार होतो. मग आले साहेब मोजायला.

साहेब माणूस वाईट नव्हते. कमरेच्या दुखण्यानं बेजार, एक हात कायम पाठीवर. ते येताहेत म्हटल्यावर मी नवी चादर टेबलावर घातली, रामक्कानं फरशी पुसली. पण व्हरांड्यात त्यांची गाठ पडली सिद्धव्वाशी.

ही सिद्धव्वा म्हणजे दुधनीची. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून तिला घेऊन आमच्याकडं आलेली. येताना पॅसेंजर गाडीतून चक्क बाज घेऊन आलेली. लाकडी चौकट, सुंभानं विणलेली, बाळंतिणीची बाज. शिवाय शेगडी, कोळसे, ओवा, बाळंतशोपा. पहिल्याच दिवशी मी तिला कौतुकानं खाट दाखवली. म्हटलं, "आजी, हा तुमच्या लेकीचा बेड." ती म्हणाली, "ब्याड." मला वाटलं, आजीला इंग्रजी येतंय. रामक्का हसून लोळायची बाकी राहिली. कानडीत ब्याड म्हणजे नको!

तर ही सिद्धव्वा दारात आडवी उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "आत बायका हायत. बापय मानसानं हितं यायचं न्हाय."

"मी सरकारी तपासणीला आलोय, आजी."

"मग हितनंच तपास की. डोळं हायत न्हवं?"

साहेब भिडस्त. त्यांनी उंबऱ्यावरूनच मान लांब केली, बोटानं खाटा मोजल्या, मान हलवली आणि गेले. मला वाटलं, सुटलो. कसलं सुटतोय! कचेरीत जाऊन त्यांनी सांगितलं की खाटा जवळजवळ सगळ्या रिकाम्या आहेत.

आणि खाटा रिकाम्या होत्याच की! बायका कुठं होत्या? खाटेखाली.

हे जरा समजावून सांगते. बाळंतिणीला शेक हवा. आमच्याकडं ती बाजेवर झोपते आणि खाली शेगडी ठेवतात. सुंभाच्या फटींतून ऊब वर येते, कंबर शेकते, ओव्याची धुरी लागते. डॉक्टर लोक नाकं मुरडायचे. मी मधला मार्ग काढला होता. निखारे पुरते फुललेले, वर राख, खिडक्या सताड उघड्या आणि बाळाला धग लागू द्यायची नाही, एवढं पाळा आणि शेका म्हटलं. पण आमच्या सरकारी खाटेवर पत्रा ठोकलेला, त्यावर काथ्याची गादी, त्यावर मेणकापड. खाली होळी पेटवली तरी वर बर्फ! शिवाय खाट उंच, बाळ पडायची भीती. मग बायका काय करायच्या, तर जमिनीवर चटई, चादर अंथरून खाटेखाली बाळाला ठेवायच्या, स्वतःही तिथंच शेजारी झोपायच्या, उशाशी शेगडी, आणि खाटेवरून जुनं लुगडं सोडून आडोसा करायच्या. एकेक खाट म्हणजे एकेकीचं खोपटं. खाटेवर कोण, तर पाण्याचा तांब्या आणि डिंकाच्या लाडवाचा डबा. साहेब दारात दिसल्यावर तर उरल्यासुरल्याही आडोशाला गेल्या. साहेबांनी लाडवांचे डबे पाहिले आणि बायका नाहीत असं ठरवलं.

थोड्याच दिवसांत बातमी आली की हे सूतिकागृह बंद करून इमारत एका डॉक्टरांना चालवायला द्यायची. आता या प्रकाराला मोठमोठी नावं आली आहेत. तेव्हा नुसतं 'चालवायला देणं' म्हणत, खानावळ देतात तसं. वरच्या कचेरीची कमिटी एकदा समक्ष पाहणार आणि मग शिक्का मारणार.

ते डॉक्टर स्वतःच जागा बघायला आले. नवाकोरा सफारी सूट, अंगाला अत्तर. भिंतींवर टिचक्या मारत हिंडले. इथं स्पेशल रूम, तिथं काउंटर, असं आपल्याशीच चाललेलं. मला म्हणाले, "सिस्टर, तुमचं नाव ऐकलंय. तुम्हाला मी मेट्रन करतो. पगार इथल्यापेक्षा चांगला."

खोटं कशाला सांगू, मेट्रन हा शब्द कानाला गोड लागला. मी विचारलं, "आणि रामक्का?"

"आयाचं काय हो, आया कुणीही मिळेल."

"बरं. बाई कळांनी घाबरून ओरडायला लागली तर तिची समजूत तुम्ही कुठल्या भाषेत घालणार?"

"इंजेक्शन देतो की," ते म्हणाले.

"आणि जिला तुमचा दर परवडत नाही, तिनं कुठं जायचं?"

ते हसले आणि म्हणाले, "सरकारी दवाखान्यात." अहो, हाच तर सरकारी दवाखाना! त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. माझं डोकं असं सणकलं की मेट्रनपद तिथंच मोरीत वाहून गेलं.

रामक्का दाराआडून सगळं ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर बादली खाली ठेवून तिनं विचारलं, "सिस्टरम्मा, माझा नोकरी राहतो का जातो?"

मी म्हटलं, "अगं, बघू या." बघू या हा शब्द मी आयुष्यात शेकडो बायकांना ऐकवलाय, पण तिच्यासमोर तो उच्चारताना मला लाज वाटली. तिच्या दोन मुली शाळेत होत्या. नोकरी गेली तर दोघी बिड्या वळायला बसणार हे तिलाही ठाऊक, मलाही. ती बादली उचलून व्हरांडा पुसायला गेली.

आता उपाय काय? पहिला उपाय मी केला तो साफ फसला. सगळ्या बाळंतिणींना हात जोडले, कमिटी येईल तेव्हा तेवढा वेळ खाटेवर झोपा. रंगीत तालीम घेतली. दहा मिनिटांत एकीला हुडहुडी भरली, दुसरीची कंबर धरली, तिसरीची सासू माझ्या अंगावर धावून आली. "माझ्या सुनेला वात झाला तर तुज्या कमिटीला आंबाडीची भाजी करून घालू का?" म्हणाली. आंबाडीचा यात संबंध काय ते मला आजवर कळलेलं नाही, पण तालीम तिथंच मोडली.

सिद्धव्वाच्या लेकीला ताप होता, म्हणून त्यांचा मुक्काम लांबला होता. संध्याकाळी रामक्का तिच्या बाजेखालची शेगडी हलवत होती. हलवता हलवता थांबली. बाजेकडं बघितलं, मग लोखंडी खाटेकडं बघितलं. बाजेखालून वर हात घातला, सुंभाच्या फटीतून बोटं बाहेर काढून हलवली.

"सिस्टरम्मा," ती म्हणाली, "पत्रा काढला तर ही खाट पण बाजच की."

"आणि झोपायचं कशावर, लोखंडावर?"

"नवार!" ती म्हणाली. "माझा दीर काय विणतो मग? बटाटे?"

तिचा दीर नरसप्पा गल्लीतच नवारीचा माग चालवायचा. नवार म्हणजे जाड सुताची रुंद पट्टी, चौकटीवर उभी-आडवी ओवून ताणून बांधली की झाली झोपायची सोय. सोलापुरात सुताला काय तोटा! पण पंचाईत अशी की काम पुरुषांचं आणि हॉलमध्ये पुरुषांना मज्जाव. सिद्धव्वा दारात होतीच. त्यावरही तोड निघाली. मागांच्या सुट्टीच्या दिवशी बाळंतिणींच्या आया-सासवांनी खाटा उचलून दोन-दोन करत गल्लीत आणल्या. सायकलवाल्याचा पाना घेऊन बोल्ट काढले, पत्रे उतरवले, आणि अख्खी गल्ली नवार ताणायला बसली. ज्याचं पोर आमच्याकडं जन्मलं तो प्रत्येक जण हात लावून गेला. नरसप्पा एकेक खाट विणून झाली की तिच्यावर स्वतः बसून बघायचा आणि पुढच्या खाटेकडं वळायचा. निम्म्या खाटांची नवार चादरीच्या उरलेल्या सुताची, लाल-हिरवी-निळी. सरकारी हॉल असा नटला की जणू कुणाचं लग्न आहे.

खाटा आत गेल्या, खाली शेगड्या गेल्या, नवार मधे झोळीसारखी बसते म्हणून बाळ पडायची भीतीही गेली, आणि ज्या बायकांना मी हात जोडून वर चढवू शकले नव्हते त्या आपणहून चढल्या. एक जण तर म्हणाली, "एवढं सोपं हुतं तर आदी का न्हाय केलं?" काय सांगू तिला!

उतरवलेले पत्रे टाकायचे कुठं? मागं नातेवाईक बायका उघड्यावर चूल मांडायच्या, तिथं चार बांबू रोवून पत्रे वर घातले. झाली सावली.

कमिटी आली. साहेब, त्यांच्याबरोबर आणखी दोघे आणि मागं सफारी डॉक्टर. सिद्धव्वा या वेळी दारातून बाजूला झाली. "या आत. पोरींनी पदर घेतल्यात," म्हणाली. साहेब आत आले आणि बघतच राहिले. एकूण एक खाट भरलेली, वर बाळंतीण, कुशीत बाळ, भिंतीला टेकून आज्या. जमिनीवर आणखी दोघी खाट रिकामी व्हायची वाट बघत बसलेल्या. मी पदराखाली हात बांधून उभी राहिले. मनात म्हटलं, मोजा आता.

साहेब म्हणाले, "मागच्या वेळी तर..." आणि थांबले.

पण सफारी डॉक्टर हुशार. ते वाकले. खाटेखाली बघणारा पहिला पुरुष तोच, हे कबूल करायला हवं. "साहेब, खाटांचे पत्रे कुठायत? ही सरकारी मालमत्तेची नासधूस आहे!"

रामक्का माझ्या पाठीमागं आली, तिचा श्वास मला मानेवर लागत होता. साहेबांचा आवाज बदलला. "सिस्टर, कुणी केलं हे? ही खाट सरकारची आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सिद्धव्वा पुढं झाली. "सरकारची? सरकार झोपतंय का हिच्यावर?"

"तसं नव्हे, आजी. सरकारची म्हणजे लोकांची."

"मग आमी कोन, ढोरं हाय का? लोकांच्या खाटंला लोकांनी नवार लावली. तुला काय तरास झाला, बाबा?" मग तिनं सफारी सुटाकडं हनुवटी केली. "आनि ह्यो कोन? ह्येला सरकारात धरायचा का लोकात?"

साहेब गडबडले. "हे... हे दवाखाना चालवायला घेणारायत."

"चालवायला?" सिद्धव्वानं सगळ्या हॉलवरनं नजर फिरवली. "चालतंय की! थांबलंय कुटं?"

एक बाळंतीण फिस्सकन हसली, मग दुसरी, मग अख्खा हॉल. टाके घातलेल्या बायका पोट धरून "हसवू नका गं आजी" म्हणत हसत होत्या. कमिटीतला एक जणही हसला. साहेबांनी पाठीवरचा हात काढला, जवळची खाट जरा मोकळी दिसली तिच्या कडेवर टेकले. खालच्या शेगडीची ऊब त्यांच्या कमरेला लागली असणार. चेहरा हळूहळू सैल झाला. सफारी डॉक्टर नियम सांगत होते, आणि साहेब डोळे मिटून "हं, हं" करत होते.

शेवटी रामक्काच म्हणाली, "साहेब, उठा की. ही खाट रिकामा नाही. बाई मोरीला गेला आहे."

साहेब उठले. दारापर्यंत गेले, परत वळले आणि हळूच मला विचारलं, "सिस्टर, ती नवार कुठं मिळते?"

सूतिकागृह राहिलं. कमिटीनं काय चर्चा केली ते मला ठाऊक नाही. नरसप्पानं साहेबांच्या घरची खाट विणून दिली एवढं ठाऊक आहे. पुढं काही वर्षांनी रामक्का कायम झाली. कायम झाल्याचा कागद तिनं उलटा धरला होता आणि ती ढसाढसा रडत होती. दोन्ही मुली मॅट्रिक झाल्या. तपासणीला दरवर्षी नवा माणूस यायचा आणि पत्रे कुठं म्हणून विचारायचा. मी त्याला मागं चुलीपाशी न्यायची, बायका चहा द्यायच्या. पत्र्याच्या सावलीत बसून चहा प्यायल्यावर कुणी पत्र्याबद्दल पुन्हा बोलत नसे.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण मागच्या महिन्यात आमच्या पेठेचा नगरसेवक घरी आला. माझ्याच हातावर जन्मलेला, लेकाचा पायाळू, आधी पाय बाहेर काढणारा. राजकारणातही तसाच शिरलाय. म्हणाला, "मावशी, सूतिकागृह चालवायला द्यायचं चाललंय. खाटा सगळ्या रिकाम्या."

"कुठून मोजल्यास? दारातून?"

मी काठी घेतली आणि त्याच्याबरोबर गेले. हॉल तोच. खाटा नव्या, गुळगुळीत, चाकांच्या. नवी सिस्टर पोरगी गुणी आहे, पण तिच्याकडं तीन ठिकाणं, त्या दिवशी तिसऱ्या ठिकाणी होती. मी गुडघ्यांची कुरकुर ऐकत खाटेखाली वाकले. सवयच ती. खाली खरंच कुणी नव्हतं.

"रामक्काच्या जागेवर कोण आहे?" मी विचारलं.

त्यानं चौकशी केली. रामक्का निवृत्त झाल्यापासून ती जागा भरलीच नव्हती. रामक्का जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या रिकाम्या हॉलमध्ये मी पदर डोळ्यांना लावला. ज्या घरात पाठीमागून धरायला कुणी नाही, तिथं कळा घेऊन कोण येईल? मीही आले नसते.

पोरगा मनानं चांगला आहे. मला डोळे पुसताना बघून वरमला. मग उत्साहानं म्हणाला, "मावशी, आपण पुन्हा खाटांना नवार लावू या. सगळी पेठ गोळा करतो, फोटो काढू, पेपरात देऊ. नवार मिळेल ना हो अजून?"

"नवार मी आणते," मी म्हटलं. "तू आधी रामक्का आण."